इवाझो रडत नाही

इवाझो निर्दयी आहे की नाही, हा प्रश्न आमच्या उस्मानपुऱ्यात यंदा अधिकृतपणे निकाली निघाला. इवाझो जपानी आहे, कार्टूनमधला आहे, तोंडावर लाकडी मुखवटा घालतो आणि गुरूचं प्रेत ओलांडून मागे न बघता निघून जातो. कार्टून म्हणायचं नाही, अ‍ॅनिमे म्हणायचं, अशी ताकीद माझ्या मुलीने, प्रेरणाने, मला दिली आहे. ती दुरुस्ती इथे नोंदवतो.

माझी बायको संध्या मेथी निवडता निवडता प्रेरणाबरोबर हे सगळं बघायची. गुरू मेला आणि बाकीची पात्रं इवाझोला निर्दयी म्हणाली, त्या दिवशी ती टीव्हीवर ओरडली होती, "निर्दयी कशाचा? मुखवट्याच्या आत लई रडतंय लेकरू. तुमाला दिसंना म्हणून त्याला दगड म्हणता व्हय?" आणि हातातल्या काड्या टीव्हीवर फेकल्या होत्या.

त्याच वर्षी संध्या गेली.

पहिला स्मृतिदिन जवळ आला तेव्हा प्रेरणाने मुखवट्याच्या आत रडण्याचं ते वाक्य आईच्या नावाने शहरातल्या अ‍ॅनिमे चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं. लगेच नोटीस आली. ग्रुपच्या गैरसमज निर्मूलन समितीने वाक्य तपासलं होतं आणि ते अधिकृत कथेशी विसंगत आढळलं होतं. वाक्य काढून घ्यावं, अन्यथा त्यावर 'गैरसमज' असा लाल शिक्का मारण्यात येईल.

प्रेरणा जेवली नाही. आईचं तिच्याजवळ एवढंच वाक्य जसंच्या तसं उरलं होतं. म्हणून मी समितीकडे गेलो. समिती एका ज्यूस सेंटरच्या मागच्या टेबलावर बसते. अध्यक्ष विश्वजीत इंजिनीअरिंगला आहे. त्याने मला आदराने खुर्ची दिली.

"काका, तुमच्या भावना समजतात. पण कोणत्या एपिसोडमध्ये?"

"काय कोणत्या?"

"रडल्याचं. ही अधिकृत परिचय-पुस्तिका. उंची आहे, रक्तगट आहे, आवडता पदार्थ आहे. रडणं नाही."

"मुखवट्याच्या आत रडला तर दिसंल कसं?"

"दिसलं नाही म्हणजे घडलं नाही, काका. नियम आहे."

सचिव सुयश म्हणाला, "असं चालू दिलं ना, तर उद्या कोणी पण येऊन म्हणेल, इवाझोला मेथी आवडते."

"का नाय आवडणार?"

सुयशने दुसरा गैरसमज माझ्या नावावर नोंदवला.

प्रेरणाने हार मानली नाही. इवाझो ज्याने काढला त्या जपानी चित्रकाराची मुलाखत तिने शोधून काढली. त्यात तो स्वच्छ म्हणाला होता की त्या दिवशी इवाझो मुखवट्याच्या आत रडत होता. मला वाटलं, विषय संपला. समितीची तातडीची बैठक झाली आणि ठराव आला: पुस्तिका आधी छापली गेली असून चित्रकार नंतर बोलला आहे. सबब इवाझोबद्दल चित्रकाराचाही गैरसमज झालेला दिसतो. त्याला तसं कळवण्यात यावं.

कळवलं. जपानहून उत्तर आलं नाही, ही संमती समजण्यात आली. वाक्यावर लाल शिक्का बसला.

स्मृतिदिनाला गल्लीत मांडव घातला. त्रिसरण, पंचशील झालं आणि भाषणं सुरू झाली. आमच्या वॉर्डाचे भावी नगरसेवक सांडूभाऊ माईकवर आले.

"संध्यावहिनी म्हणजे शांत, सोशिक मूर्ती. कधी वर मान करून बोलल्या नाहीत. कधी आवाज चढला नाही."

सगळा मांडव माना हलवू लागला. याच गल्लीत, नळाला पाणी यायच्या दिवशी, सांडूभाऊंनी थेट नळाला लावलेली मोटर संध्याने उपटून गटारात टाकली होती आणि पाणी जाईपर्यंत त्यांना दाराबाहेर येऊ दिलं नव्हतं. माना हलवणारे तेव्हा गच्चीवरून बघत होते.

प्रेरणा उभी राहिली. "कोणत्या एपिसोडमध्ये?"

"काय गं बाई?" सांडूभाऊ म्हणाले.

"आई शांत कोणत्या एपिसोडमध्ये होती? मोटर तुमचीच होती ना, काका?"

माझ्या बहिणीने, भामाबाईने, तिला हाताला धरून खाली बसवलं. "गप बस. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नाय."

"चांगलंच बोलतेय ना आत्या. भांडायची म्हणून तर गल्लीला पाणी होतं."

"ते आपल्या घरातलं. हे बघ काय लिव्हलंय." भामाबाईने मांडवाच्या तोंडाशी लावलेल्या फ्लेक्सकडे बोट केलं. फोटोखाली ठळक अक्षरं होती: शांत, सोशिक, मनमिळाऊ.

दुसऱ्या दिवशी मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार कडुबाला विचारलं, हा मजकूर कोणी दिला?

"द्यावा लागत नाय, दादा. बायांचा हाच असतो."

"पुढच्या वर्षी 'भांडखोर' लिही."

"तसा नमुना नाय." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाला 'परोपकारी' बसंल."

मी आयुष्यात कोणावर उपकार केल्याचं मला आठवत नाही, हे मी त्याला सांगितलं. हाही त्याने माझा गैरसमजच धरला. त्याने संगणकावर नमुना उघडून दाखवला. नावाची जागा रिकामी, फोटोची चौकट रिकामी, बाकी सगळं तयार.

वाचणाऱ्यांनीही काळजी करू नये. तुम्ही कसे होतात ते ठरलेलं आहे. फक्त फोटो यायचा आहे.