नमुन्याची बाटली

आमच्या माधव नगरात कुणाकडे तळण निघालं की पळसुलेकाका थर्मामीटर घेऊन हजर. वाटीभर तेल मागून घ्यायचं, जाड हातमोजे चढवून गच्चीवर न्यायचं आणि किती अंशांवर पेट घेतं ते बघायचं. उभी नोकरी त्यांनी विमानाचं इंधन तपासण्यात काढली. आता विमानं राहिली नाहीत, म्हणून आमच्या शेवेचं तेल.

एकदा मी मागोमाग गेलो, खरं तर हसायलाच. काका तेल तापवत होते आणि दर थोड्या वेळानं छोटी ज्योत त्यावर आणून मागे घेत होते.

"जल्दी नाही करायची. एकेक अंश. विमानाचं तेल अडतीसच्या आत भडकलं की टँकर वापस. मग साहेब कितीही चिल्लावू दे."

एवढ्यात तेलावरून निळी लहर सरकली आणि विझली. पापणी लवली असती तर हुकली असती. एवढ्याशा उजेडावर नजर ठेवून हा माणूस जन्मभर बसला आणि त्याच्या भरवशावर लोक ढगांतून गेले. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या दिवसापासून मी त्यांना वाकून नमस्कार करतो.

तपासलेल्या तेलाचा नमुना ते बाटलीत ठेवतात. विमान सुखरूप उतरेपर्यंत नमुना फेकायचा नाही, हा त्यांचा प्रयोगशाळेतला नियम. माझी मुलगी मानसी नोकरीसाठी पहिल्यांदा विमानानं बंगळूरला निघाली, तेव्हा तिच्या डब्यातल्या शेवेचं तेल काकांनी बाटलीत भरलं आणि वर तिचं नाव चिकटवलं.

दिवाळीला ती आली. सकाळीच तिला घेऊन काकांकडे गेलो.

"उतरलीस? बढिया," म्हणत त्यांनी ते तेल देवापुढच्या समईत ओतलं आणि वात लावली.

फळीवर आणखी एक बाटली होती. आतलं तेल काळपट, गोंदासारखं झालेलं. वर नाव शेखरचं, काकांच्या मुलाचं. तो कॅनडाला गेलाय.

"बारा साल झाले," काकू म्हणाल्या. "आता तर फोनपण नाही येत. मी म्हणते, फेकून द्या ती शीशी."

काकांनी बाटली फडक्यानं पुसली आणि नाव समोर येईल अशी परत ठेवली.

"उतरलं नाही ना अजून," ते म्हणाले. मग मानसीची रिकामी बाटली धुवायला घेत त्यांनी पाठमोरंच विचारलं, "तू वापस कधी जातेस गं?"