धनराजभाऊचा जड हात

आलापल्लीच्या धनराजनं अंगणात मोटारसायकलचं इंजिन उघडलं, तेव्हाच बायको म्हणाली होती, "गॅरेजात नेऊन द्या ना जी!" पण सकाळपासून मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला माणूस बायकोचं ऐकतो होय!

"गॅरेजवाले अंदाजानं कसते, रंजीता. बोल्टाले टॉर्क लागते, टॉर्क! जास्त कसला त तुटते, कमी कसला त तेल गळते."

टॉर्क, म्हणजे बोल्ट कसायचा जोर, मोजायचा पाना घरात नव्हता. पण व्हिडिओतल्या दाढीवाल्यानं युक्ती सांगितली होती. साध्या पान्याच्या टोकाला वजनकाटा अडकवायचा अन् ओढायचं. सहा किलो दिसले की थांबायचं. काट्याची धनराजकडे काय कमी? अख्ख्या टोल्याची, म्हणजे जवळच्या वस्तीची, मोहाफुलं तोच विकत घ्यायचा; सगळा मोहा त्याच्याच टांगत्या काट्यावर मोजला जायचा. आताही सुकरी आणि तिचा नवरा वारलू मोह्याच्या टोपल्या घेऊन बसलेच होते.

"बसा जरा, गंमत पाहा," म्हणत त्यानं काटा अडकवला. "चार... पाच... सहा..."

कट्! बोल्टाचं डोकं पान्यात आलं.

"बोल्टच भिकार!" त्यानं दुसऱ्या बोल्टाला पाना लावला. "पाच... साडेपाच..."

कट्!

वारलू उठून जवळ आला. त्यानं बोल्टाकडे पाहिलं, मग काट्याकडे. "काऊन गा भाऊ, काटा त साडेपाचच दाखवून राह्यला होता. मंग हा तुटला कायनं?"

धनराजला आता आठवलं. गेल्या हंगामात काट्यातली स्प्रिंग काढून त्यानं स्वतःच जाड स्प्रिंग बसवली होती. आठ किलो लटकवले तर काटा लाजत लाजत सहा दाखवायचा. मोहा मोजताना हे त्याच्या बरोबर लक्षात असायचं, बोल्ट कसताना तेवढं विसरलं. आता काटा खोटा म्हणावं तर सगळा टोला उद्यापासून दुसऱ्याच्या दारी. खरा म्हणावं तर बोल्ट तुटला कशानं?

जन्मात चूक कबूल न केलेला तो माणूस खालच्या मानेनं म्हणाला, "काटा एकदम बरोबर हाये. माह्या हातातच खोट हाये. जड हात, झटका बसते."

स्प्रिंगची भानगड रंजीताला ठाऊक होती. ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

"असते भाऊ, एखाद्याचा हात," सुकरी मायेनं म्हणाली. "आज आराम करा, मोहा उद्या आणतो." दोघं टोपल्या उचलून गेले. वाचलो बाप्पा, म्हणत धनराज खाटेवर आडवा झाला.

सकाळी टोल्यातल्या साऱ्या बायका दारात हजर. धनराज काटा आणायला धावला.

"काटा राहू द्या, भाऊ," सुकरी म्हणाली. "तुमचा हात जड, झटका बसला त मोहा सांडन. आमी चौकात बशीरभाऊच्या कोंबडीच्या दुकानातून मोजूनच आणला. टोपली तेवढीच, पण तिथी कसा जास्त भरते बाप्पा! तुमी फक्त पोतं धरा."

धनराजनं पोतं धरलं.