संकष्टीचा संशयित

शशिधर केतकरच्या हातून आयुष्यात ज्या काही चुका झाल्या, त्या सगळ्या 'हो' म्हटल्यामुळे झाल्या. (लग्न त्यात धरायचं की नाही, हे सुचेता शेजारच्या खोलीत असताना ठरवू नये.) ब्रिस्टलच्या ऑफिसात एका सोमवारी त्याचा मॅनेजर ग्रॅहम टेबलाशी येऊन म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळी फ्री आहेस? बायकोला घेऊन ये." शशिधर कॅलेंडर न बघता हो म्हणून मोकळा झाला.

नाही म्हणायची सोयही नव्हती म्हणा. कंपनीनं त्याला पुण्याहून दोन वर्षांसाठी आणलं होतं आणि ती वर्षं डिसेंबरात संपत होती. पर्मनंट जागा एकच, आणि ती क्लायंटच्या मर्जीवर. क्लायंट म्हणजे विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीतल्या हेझलबाई. दर मंगळवारी फोनवर मीटिंग व्हायची, त्यात सगळे तावातावानं बोलायचे आणि शशिधर तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. त्याचा चेहरा सोडा, आवाजसुद्धा हेझलला धड माहीत नव्हता.

"तुझं काम तिला आवडतं," ग्रॅहम म्हणाला, "पण तू माणूस आहेस की नुसता ई-मेल, हे तिला कळत नाही. शुक्रवारी ती आपल्याच टेबलावर आहे. जरा दिस, जरा बोल."

कार्यक्रम होता मर्डर मिस्टरी डिनर. म्हणजे हॉटेलात जेवायला बसायचं, जेवता जेवता समोर एक खून होतो तो बघायचा, आणि गोड पानात पडायच्या आत खुनी कोण ते ओळखायचं. इंग्रज माणूस याला करमणूक म्हणतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत हे सगळं फुकट बघायला मिळतं.

घरी आल्यावर सुचेतानं कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. शुक्रवारी संकष्टी होती.

साधीसुधी असती तर शशिधरनं बाप्पाची माफी मागून जेवूनही घेतलं असतं. पण ही पाचवी होती. पोराला ती पर्मनंट जागा मिळावी म्हणून त्याच्या आईनं पुण्यात परस्पर नवस बोलून टाकला होता, की शशी पाच संकष्ट्या करील. (नवस आईचा आणि उपास मुलाचा, अशी आमच्याकडे वाटणी असते.) चार निभावल्या होत्या. पाचवी मोडली तर जागा गेली, आणि डिनर चुकवलं तरी गेली.

"सरळ सांगून टाक ना त्यांना," सुचेता म्हणाली. "उपास आहे, चंद्र बघितला की जेवतो. इथे लोक मांजराची ॲलर्जीसुद्धा सांगतात."

"पहिल्याच भेटीत चंद्राची गोष्ट काढू? ती म्हणेल, हा ई-मेल होता तेच बरं होतं."

"मग काय करशील?"

"मॅनेज करीन."

(सॉफ्टवेअरवाला 'मॅनेज करीन' म्हणाला की समजावं, त्याला काहीही सुचलेलं नाही.)

तरी त्यानं तयारी जोरात केली. लंडनचा चंद्रोदय इंटरनेटवर सात पंचेचाळीसचा होता. ब्रिस्टल पश्चिमेला, म्हणून त्यानं एक्सेलमध्ये हिशेब मांडून दहा मिनिटं वाढवली. कोटाच्या एका खिशात कौन्सिलच्या पार्कातून खुडलेल्या दूर्वा आणि आईनं पाठवलेली कुंकवाची डबी, दुसऱ्यात फॉइलमध्ये गुंडाळलेला एक मोदक. सात पंचावन्नला टॉयलेटच्या निमित्तानं उठायचं, बाहेर जाऊन दर्शन घ्यायचं, मोदक तोंडात टाकायचा आणि आठ वाजता परत येऊन हेझलशी दिलखुलास गप्पा मारायच्या.

शुक्रवारी हॉटेलात पोचले तर दारातच शेपटीचा कोट घातलेला सूत्रधार सगळ्यांना बजावत होता, "आमचे काही नट तुमच्यातच बसलेत बरं का. ते शपथेवर सांगतील की आम्ही साधे पाहुणे आहोत. अजिबात विश्वास ठेवू नका."

आणि नेमका त्याच क्षणी शशिधरनं फोटोवरून ओळखलेल्या हेझलपुढे हात केला. ग्रॅहम बारवर होता, ओळख करून द्यायला कुणी नव्हतं. गाडीत चार वेळा घोकलेलं वाक्य त्यानं एका दमात म्हणून टाकलं, "मी शशिधर केतकर. तुमचा सॉफ्टवेअर इंजिनिअर."

हेझलनं त्याच्याकडे निरखून बघितलं आणि हळूच डोळा मारला. "वा," ती म्हणाली, "छान जमलंय." शशिधरला बरं वाटलं. निम्मं काम तर झालं.

टोमॅटोचं सूप आलं. सकाळपासून पोटात कावळे कोकलत होते, तरी पठ्ठ्यानं चमचा नुसता फिरवला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून आपला बाऊल सुचेताच्या रिकाम्या बाऊलशी बदलला. (सुचेताचं देवाशी भांडण नव्हतं, उपासाशी होतं.) तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचे लॉर्डसाहेब घसा धरून उठले, गरगर फिरले आणि सूपात तोंड घालून मेले. मोठ्या मिशांचा इन्स्पेक्टर धावत आला. सूपात विष आहे, त्यानं जाहीर केलं, आणि आता कुणीही हॉलबाहेर जायचं नाही. त्याच्यामागोमाग आलेल्या नाटकातल्या स्वयंपाकीणबाई अंगठ्यांचे हात उडवत सांगत होत्या, मी तर तेव्हा ब्रेडचं पीठ मळत होते.

घड्याळात सात चोपन्न झाले होते.

शशिधर उठून खिडकीशी गेला. ढग. परत बसला, परत उठला, परत ढग. तिसऱ्यांदा तो पडद्यामागे शिरला आणि त्यानं लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या मित्राला फोन लावला.

"दिसला का रे?"

"मघाशीच," मित्र म्हणाला. "आम्ही जेवायलासुद्धा बसलो. आज अळूवडी आहे."

"इकडे दिसत नाहीये. काय करू?"

"तुझा तूच बघायला हवा बाबा. आणि नाव शशिधर आहे तुझं, जरा लाज राख."

फोन खिशात ठेवताना हाताला काहीतरी भुसभुशीत लागलं. कुंकवाची डबी उघडली होती. पडदा सारून शशिधर बाहेर आला, तेव्हा उजव्या हाताची पाचही बोटं लालभडक होती आणि शर्टाची बाहीही. अख्खा हॉल त्याच्याकडे बघत होता. हेझल वहीत भराभरा लिहीत होती.

"हाताला काय लागलंय?" इन्स्पेक्टरनं विचारलं. बिचाऱ्याच्या नाटकात हा प्रवेश नव्हता, पण पब्लिकपुढे तो काय करणार?

"पावडर. धार्मिक."

"पडद्यामागे कुणाशी कुजबुजत होतात?"

"विष्णूशी," शशिधर म्हणाला. मित्राचं नावच ते, त्याला इलाज नाही. "इल्फर्डला असतो."

"आणि सूप का घेतलं नाहीत?" हेझलच्या वहीत डोकावत इन्स्पेक्टरनं विचारलं.

उत्तर हेझलनं दिलं, "कारण त्यात काय आहे ते त्याला माहीत होतं." इन्स्पेक्टरनं लगेच पुढचा प्रश्न टाकला.

"मघापासून वाट कुणाची बघताय?"

"चंद्राची," शशिधर म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मात्र त्याचा बांध फुटला. दोन वर्षांत मीटिंगमध्ये न बोललेला माणूस खुर्चीवर चढून बोलायला लागला. आई, नवस, चार संकष्ट्या, ब्रिस्टलची दहा मिनिटं, सगळं त्यानं कळवळून सांगितलं. भुकेनं त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. हॉल उभा राहिला. मतं घेतली, तर अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस लोकांनी त्याला खुनी ठरवलं. ग्रॅहमनंही. (नंतर म्हणाला, ऐकताना मलाच खरं वाटेना.)

इतक्यात ढग सरला आणि बागेच्या काचेच्या दारात चंद्र दिसला. शशिधरनं झेप घेतली.

"पळाला," कुणीतरी म्हणालं, आणि रग्बी खेळून निवृत्त झालेल्या एका आडदांड पाहुण्यानं त्याला गालिच्यावर लोळवलं. त्या अवस्थेतच शशिधरनं दर्शन घेतलं. हात पाठीमागे धरलेले होते म्हणून नमस्कार मनातल्या मनात केला. सुचेता शांतपणे आली, त्याच्याच बाहीवरचं कुंकू बोटावर घेऊन त्याच्या कपाळाला लावलं आणि खिशातला मोदक त्याच्या तोंडात घातला.

"आता ह्याला सोडा," ती इन्स्पेक्टरला म्हणाली. "खून तुमच्या स्वयंपाकीणबाईंनी केलाय. म्हणतात, सूपात विष पडलं तेव्हा मी ब्रेडचं पीठ मळत होते. तीन-तीन अंगठ्या घालून? खड्यात कण तरी अडकला असता."

इन्स्पेक्टरनं हातातला कागद बघितला आणि त्याचा चेहरा पडला. मेलेल्या लॉर्डसाहेबांनीही सूपातून डोकं वर काढून सुचेताकडे बघितलं.

सोमवारी शशिधर राजीनाम्याचा मसुदा मनात जुळवतच ऑफिसात गेला. ग्रॅहमनं केबिनचं दार लावलं आणि हेझलची मेल वाचून दाखवली. संध्याकाळ अफलातून झाली. आमच्या टेबलावर तुम्ही बसवलेली ती नट जोडी तर लाजवाब. केतकर मात्र ऐनवेळी आले नाहीत, याचं वाईट वाटलं. पाहुण्यांसाठी इतकी मेहनत घेणाऱ्या कंपनीशी तीन वर्षांचा करार करायला मी तयार आहे.

"तिला खरं सांगितलंस ना?" शशिधरनं विचारलं.

"तीन वर्षांचा करार आहे," ग्रॅहम म्हणाला, "खरं कसलं सांगतोय! हे तुझं पर्मनंटचं पत्र. गुरुवारी ती तुला भेटायला येतेय. मिशी काढून ये, आणि कृपा करून बोलू नकोस."

गुरुवारी शशिधर बिनमिशीचा, चकार शब्द न काढता समोर बसला. हेझलनं त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

"तुमच्या जागी त्या दिवशी एक नट होता," ती म्हणाली. "दिसायलाही थोडा तुमच्यासारखाच. राग मानू नका, पण इंजिनिअर म्हणून तो जास्त पटला."