महादेवरावांचा वाजणारा गळ

रविवारी नदीवर निघताना महादेवरावांनी बायकोला, कोकिळाबाईंना, मसाला वाटून ठेवायला सांगितला. मासा अजून बोर नदीत पोहत होता, पण महादेवरावांच्या लेखी तो कढईत पडल्यातच जमा होता.

प्रश्न इज्जतीचा होता. मागच्या खेपेला लेकीचे सासरे लक्ष्मणराव सिंदी मेघेहून हिंगणीला आले, तेव्हा "मासा खिलवतो" म्हणून महादेवरावांनी छाती ठोकली आणि रिकाम्या हाताने परतले. कोकिळाबाईंनी अंड्याच्या रश्शावर वेळ मारून नेली. तेव्हापासून लक्ष्मणराव सगळ्या सोयऱ्यांत सांगत फिरत होते, "हिंगणीच्या नदीत गळाले अंडे लागतात."

म्हणून आता व्याही पुन्हा यायच्या आधीच महादेवरावांनी गळाला लावायचा अलार्म ऑनलाइन मागवला होता. गळाची काठी त्याच्यावर टेकवायची, दोरी त्याच्या चाकावरून न्यायची. माशाने दोरी ओढली की तो वाजणार. पाण्यात पडला तरी बिघडणार नाही, अशी गॅरंटी!

"इवाई, आता मासा सोताच आवाज देते," महादेवराव सोबत नदीवर आलेल्या व्याह्यांना म्हणाले. "आपण फक्त उठाचं."

नेमकं त्या दिवशी धरणातून पाणी सोडलेलं. नदी नुसती पळत होती. गळ टाकला आणि अलार्म कोकलला. महादेवराव धावले. शेवाळ निघालं. परत कोकलला, परत धावले. चप्पल निघाली, तीही एकाच पायाची.

"अंडं नाई लागलं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

दोरी पाणीच ओढतंय, हे तोवर महादेवरावांच्या ध्यानात आलं होतं. पण कबूल करतील ते महादेवराव कसले! ते ऐटीत चिवड्याची पुडी सोडून बसले. "हे धारेचं वाजणं आहे. मासा वाजला की मले बरोबर समजते. मग पाहा कसा उठतो तं."

अलार्म वाजतच राहिला. हे चिवडा खातच राहिले. मग तो एकदम न थांबता किंचाळू लागला.

"धार वाढली," महादेवराव तोंडातल्या घासासकट म्हणाले.

"इवाई, तुमची काठी चालली."

महादेवराव वळले. काठी, अलार्म, सगळं नदीत घसरत होतं! ते उठले, तर लुंगी स्वतःच्याच पायाखाली. ते तोंडावर आपटेपर्यंत लक्ष्मणराव पॅन्टसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. ज्या व्याह्याचे पाय धुवायला घरी गरम पाणी ठेवलं होतं, तो गळ्यापर्यंत भिजून बाहेर आला. एका हातात काठी, दुसऱ्यात हा एवढा रोहू, आणि दोरीत गुंतलेला अलार्म मागून येत होता.

परतताना मासा महादेवरावांच्या हातात, व्याही मागे ओलेचिंब. वाटेत कोणी विचारलं की महादेवराव मान ताठ करून सांगत, "अलार्म आपलाच आहे."

पंगत बसली. रस्सा असा झाला होता की बोलायला कोणाला फुरसत नव्हती. शेवटी महादेवरावांनीच विचारलं, "आता सोयऱ्यांत काय सांगसान?"

"खरं तेच सांगीन," बोटं चाटत लक्ष्मणराव म्हणाले. "हिंगणीच्या नदीत मासे लागतात."

महादेवराव असे फुगले की ताट मोठं की आपण मोठे, कळेना. एवढ्यात खिडकीत वाळत घातलेला ओला अलार्म किंचाळला. हातातला घास टाकून महादेवराव दारापर्यंत धावले!

"आता काऊन धावता, इवाई?" लक्ष्मणराव मागून म्हणाले. "मासा ताटात आहे."