पूर्णपणे अवलंबून

जावईबापूंनी प्राप्तिकराचा परतावा खात्यात जमा व्हायच्या आधीच खर्च करून टाकला होता. रंगाच्या कारखान्यात छटा तपासणारा हा माणूस एरवी चमचाभर रंग सांडला तरी हळहळायचा. पण पाय वर करून मागे रेलता येणारी दालचिनी रंगाची खुर्ची दुकानात दिसली आणि त्याचं भान हरपलं. थोडी रक्कम आगाऊ भरली, उरलेली परताव्यातून द्यायची ठरली. खुर्चीला जागा हवी म्हणून जुना सोफाही खालच्या कुलूपवाल्याला देऊन टाकला.

परतावा आला तो निम्मासुद्धा नव्हता.

"गिळला खात्यानं!" रंगकामाच्या घोडीवर बसून जावईबापू म्हणाले. सोफा गेल्यापासून त्यांना तेवढंच आसन उरलं होतं. बायको कपड्यांची टोपली पालथी घालून तिच्यावर बसायची. घरातली एकुलती एक धड खुर्ची सासूबाईंकडे होती.

"का कमी आला ते वाचलंत का?" बायकोनं विचारलं.

"वाचायचं काय त्यात? विवरणपत्र मी भरलंय!"

"आईच्या नावाची सवलत नाकारलीय, असं लिहिलंय यात."

"नाकारली? डोळ्यांदेखत अवलंबून आहेत त्या माझ्यावर!"

दरवर्षी एका रविवारी जावईबापू पलंगभर कागद पसरून विवरणपत्र भरायला बसत. त्या दिवशी घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. एक ओळ मात्र ते स्वतः मोठ्यानं वाचत, आतल्या खोलीपर्यंत पोहोचेल अशी: "सासूबाई, पूर्णपणे अवलंबून." सवलतीपेक्षा त्यांना त्या ओळीचीच गोडी जास्त. दुपारी सासूबाई दार लावून फोनवर असायच्या. "आधी बटण बंद, मग पाणी काढायचं!" असलं काही बाहेर ऐकू यायचं. त्या आपल्या बहिणीशी बोलतात अशी जावईबापूंची समजूत होती. मावशींना या वयात कपडे धुवायला शिकवावं लागतं, याची त्यांना कीव यायची.

तेवढ्यात दुकानदारानं कळवलं, शनिवारपर्यंत उरलेले पैसे भरा, नाहीतर आगाऊ रक्कम बुडाली म्हणून समजा. जावईबापू चवताळले. आता अर्जबिर्ज काही नको, पुरावाच नेऊन उभा करायचा.

"आई, उद्या दुपारी माझ्याबरोबर करकचेरीत चला. तिथं जरा हळू चाला. कण्हलात तरी चालेल."

"येते की. पण दुपारी नको."

"दुपारीच. तुम्हाला काय काम असतं?"

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या खिडकीसमोर त्यांनी सासूबाईंना उभं केलं. "ह्या बघा! बारा महिने माझ्या जिवावर जगतात. यांची सवलत नाकारलीत कशी?"

खिडकीपलीकडच्या बाई काही बोलणार, तोच सासूबाईंच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी बोट वर करून जावयाला गप्प केलं.

"नमस्कार, तक्रार विभाग. बोला. मशीन नाचतंय? चारही पाय जमिनीला टेकलेत का बघा आधी. अहो, तुमचे नव्हे, मशीनचे!"

खिडकीतल्या बाई अर्ध्या उठल्या. "अगंबाई! तुम्हीच का त्या? माझं कपडे धुवायचं मशीन तुम्हीच फोनवरून चालू करून दिलंत! आवाज ओळखला मी."

"जाळी साफ करता ना आता?"

"दर आठवड्याला!"

जावईबापू गर्रकन वळले. "आई, तुम्ही नोकरी करता?"

"झालं की वर्ष. घरबसल्या, दुपारच्या वेळात. तुमची ती ओळ ऐकून कान किटले होते माझे."

"मग मला सांगायचं तरी!"

"तुम्ही विवरणपत्र भरताना बोलू कुठं देता कुणाला?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "यांनी स्वतःचं विवरणपत्र भरलंय. कमावत्या माणसाला तुम्ही अवलंबून कसं दाखवणार? आणि यांनीसुद्धा एकाला अवलंबून दाखवलंय बरं का. जावयाला. पण पुरावा जोडला नव्हता, नाकारावं लागलं."

शनिवारी खुर्ची आली. उरलेले पैसे सासूबाईंनी भरले होते, त्यामुळे ती कुणाच्या खोलीत जाणार हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दुपारी त्या तिच्यात बसून लोकांची मशीनं चालू करत आणि उरलेला वेळ तिच्यातच डुलक्या काढत. जावईबापू घोडीवरून त्या दालचिनी रंगाकडे नुसते बघत राहत. बिचाऱ्याचा जीव तीळतीळ तुटायचा.

एका रविवारी सासूबाई भाजी आणायला बाहेर पडल्या आणि जावईबापू झटक्यात खुर्चीत जाऊन बसले. दांडा ओढला. पाय वर गेले, डोकं खाली गेलं आणि खटका अडकला. उठावं तर खुर्ची आणखीच मागे जाई.

"अगं, धाव! अडकलोय मी!"

बायको आली, लांबूनच बघत उभी राहिली. "मला नाही बाई त्यातलं कळत. आई येईल एवढ्यात."

सासूबाई पिशवी घेऊन दारात आल्याच.

"आई, काढा हो मला! तुमच्याशिवाय नाही जमायचं हे कुणाला!"

"परत एकदा म्हणा."

"तुमच्याशिवाय नाही जमायचं!"

सासूबाईंनी पिशवी सावकाश खाली ठेवली आणि लेकीकडे वळल्या.

"आधी यांचा एक फोटो काढ गं. पुढच्या वर्षी पुरावा म्हणून जोडायचाय."