ओढाकाठ मंडळाचा समुद्रापर्यंत विस्तार

एका जंगलात एक ओढा होता आणि ओढ्याच्या काठी चार महाविद्यालये होती. हो मुलांनो, जंगलातही महाविद्यालये असतात. तिथेही कोणी फारसे शिकत नाही, पण कबड्डी जोरात चालते.

एक महाविद्यालय सशांचे, एक घोरपडींचे, एक सायाळींचे आणि एक रानडुकरांचे. चौघांचे मिळून 'ओढाकाठ कबड्डी मंडळ' होते. दरवर्षी प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळे. सायाळीला पकडायला कोणी धजत नसे आणि रानडुकराने पकडलेला गडी पुन्हा उठत नसे. एवढे सोडले तर खेळ चांगला होता.

खरी गंमत ससे आणि घोरपडी यांच्या सामन्यात. सशासारखी चढाई कोणाची नाही. घोरपडीसारखी पकड कोणाची नाही. आणि रीत अशी होती की, हरलेल्या संघाने जिंकलेल्या संघाला पाठीवर घ्यायचे आणि ओढा ओलांडून घरी पोचवायचे. ओढा गुडघाभरच होता. कोणाच्या गुडघाभर, ते मात्र मला खात्रीने सांगता येणार नाही.

सशांची कर्णधार होती भुरकी. तिने सगळ्यांना चकवले होते. फक्त घोरपडींचा कर्णधार खवल्या याच्या पकडीतून ती कधी सुटली नव्हती. दरवर्षी तो तिचा मागचा पाय धरी, दरवर्षी मध्यरेषेपाशी तिचा दम तुटे, आणि मग खवल्याला पाठीवर घेऊन ती ओढ्यात उतरे.

"जरा सावकाश," खवल्या वरून म्हणे. "शेपटी भिजतेय माझी."

"तू घोरपड आहेस. तुला भिजायचं काय?"

"जिंकलेली घोरपड आहे मी."

भुरकीचे हे शेवटचे वर्ष होते. यंदा एकदा तरी त्या पकडीतून सुटायचे आणि एकदा तरी वर बसून ओढा बघायचा, एवढीच तिची इच्छा होती.

पण त्याच वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी सभा बोलावली. अध्यक्ष होता धनेश पक्षी. त्याची चोच एवढी मोठी होती की तो बोलतो ते महत्त्वाचे असणार, असे सगळ्यांना वाटे. त्या चोचीवरचे शिंग आतून पोकळ असते असे मी वाचले आहे. त्याचा इथे काही संबंध असेल असे नाही.

"पलीकडच्या टेकडी मंडळात दहा महाविद्यालयं झाली," धनेश म्हणाला. "आपण अजून चार. जग पुढे चाललंय."

"कुठे चाललंय?" रानडुकरांच्या प्राचार्यांनी विचारले.

"पुढे. आपण वाळवंटातले उंट घेऊ. खाडीतले रोहित पक्षी घेऊ. आणि समुद्रातला देवमासा घेऊ."

"देवमासा कबड्डी खेळतो?"

"प्रश्न तो नाही. समुद्रात मासे किती, याचा विचार करा. ते सगळे आपले प्रेक्षक. शिवाय माशाला पापण्या नसतात. तो एकही चढाई चुकवणार नाही."

सशांचे प्राचार्य कानविंदे सर यांना हे अजिबात पटले नाही. पण त्यांच्या मनात आले, आपण नको म्हटले आणि हे लोक घोरपडींना घेऊन पुढे गेले तर? घोरपडींच्या प्राचार्यांनाही ते पटले नव्हते. पण त्यांच्या मनात आले, ससे पुढे गेले तर? सायाळींनी घोरपडींकडे पाहून हात वर केला. रानडुकरांनी सगळ्यांचे हात वर पाहिले आणि खूर वर केले. अशा रीतीने, कोणालाही नको असलेला ठराव एकमताने संमत झाला.

नाव मात्र ओढाकाठच राहिले. "समुद्र म्हणजे तरी काय," धनेश म्हणाला, "ओढाच पुढे गेलेला." भूगोलाच्या दृष्टीने यात खोटे काही नव्हते.

आता सभासद इतके लांबलांबचे झाले की सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणे जमेना. म्हणून दोन गट पडले. ससे समुद्र गटात गेले. घोरपडी वाळवंट गटात गेल्या. शेजारी शेजाऱ्याशीच खेळत राहिला तर विस्तार केला कशाला, असे धनेशचे म्हणणे होते.

भुरकी कानविंदे सरांकडे गेली. "सर, घोरपडींचा सामना?"

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी नसेन, सर."

"भुरके, तुला समुद्र बघायला मिळतोय. आमच्या वेळी आम्ही धड डबकंसुद्धा पाहिलं नव्हतं."

ससे निघाले. बरोबर पंच म्हणून टिटवी होती. गवत संपले, माती संपली, वाळू लागली, आणि एकदाचा समुद्र आला.

देवमाशाने नाणेफेक जिंकून चढाई घेतली. त्याने मोठा दम भरला आणि तो पाण्याखाली गेला. ससे वाळूत पवित्रा घेऊन उभे राहिले. बराच वेळ गेला. टिटवी पाण्याला कान लावून बसली.

"तो कबड्डी कबड्डी म्हणतोय का?" एका सशाने विचारले.

"म्हणतच असेल," टिटवी म्हणाली. "नाही म्हणत, असं मला सिद्ध करता येत नाही."

करायला काही नव्हते, म्हणून भुरकीनेही दम धरून पाहिला. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग जरा जमले. मग बरेच जमले. देवमासा वर यायच्या आधी भरती आली आणि मध्यरेषा वाहून गेली. टिटवीने दोघांनाही गुण दिले.

तिथून खाडीवर जायचे होते. वाटेत एका फाट्यावर समोरून घोरपडी येताना दिसल्या. त्या उंटांशी खेळून पुढच्या सामन्याला निघाल्या होत्या. खवल्याच्या पाठीवर इतकी धूळ बसली होती की भुरकीने आधी शेपटीवरून त्याला ओळखले.

"कसे आहेत उंट?" तिने विचारले.

"मी एकाचा पाय धरला," खवल्या म्हणाला. "त्याला कळलंच नाही. तो चरायला गेला, मला घेऊन."

भुरकी हसली. मग खवल्या वळला आणि शेपटीने धुळीत एक लांब रेघ ओढली. ओढ्याकाठी मध्यरेषा नेहमी तोच आखत असे.

"या सामन्याला मान्यता नाही," टिटवी म्हणाली. "आणि ठरलेल्या सामन्याला जो जाणार नाही, तो मंडळाबाहेर. तिकडे खाडीवर रोहित एका पायावर उभे राहून तुमची वाट बघताहेत."

"ते तसेही एका पायावरच असतात," भुरकी म्हणाली आणि मैदानात उतरली.

सामना बरोबरीत चालला. शेवटची चढाई भुरकीची आली. ती आत शिरली, दोघांना शिवून वळली, आणि मागचा पाय जागच्या जागी थांबला. खवल्याने धरला होता. इतर घोरपडी त्याच्यावर पडल्या. रेघ हातभर अंतरावर होती. इथेच दरवर्षी दम तुटायचा. भुरकी "कबड्डी कबड्डी" म्हणत राहिली आणि पुढे सरकत राहिली. विस्ताराचा काहीच फायदा झाला नाही, असे म्हणणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते. तिच्या पंजाचे टोक रेघेला लागले.

"सुटली," टिटवी ओरडली. मग तिला आपले पद आठवले. "हा सामना झालेलाच नाही," ती म्हणाली. "पण सुटली."

ससे आणि घोरपडी, दोघांनाही मंडळातून काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी धनेशने ध्रुवावरचे पेंग्विन घेतले. ते निघाले आहेत, असे कळते.

घरी परतताना सगळे ओढ्यापाशी आले.

"तो सामना झालेलाच नाही ना?" खवल्याने विचारून पाहिले.

"खाली बस," भुरकी म्हणाली.

तो बसला. ती वर चढली. पाण्यात खाली गोटे दिसत होते, लहान मासे दिसत होते, आणि वरून ओढा होता त्याहून बराच रुंद वाटत होता. मधोमध आल्यावर खवल्या थांबला.

"आता आपलं दोघांचंच मंडळ," तो म्हणाला.

"हो."

"सायाळी विचारत होत्या, आम्ही येऊ का म्हणून. आणि सायाळी आल्या तर रानडुकरांना वाईट वाटेल. मग चार होतील. टेकडीवाल्यांचे तर दहा—"

"खवल्या," भुरकी म्हणाली, "आधी पलीकडे पोचव."

तात्पर्य : मुलांनो, लहान मंडळात समाधान मानून राहू नये. खटपट करून मोठ्यात मोठ्या मंडळात शिरावे. तिथून हाकलून दिल्याशिवाय शेजारी राहणाऱ्याची खरी किंमत कळत नाही.