दर्याऊ बाईसाहेबांस भाकरीचा हिशेब कैसा उमगला, त्याची हकीकत

श्रीगजाननास आणि वाणी देणाऱ्या शारदेस हात जोडून, जैसे थोरल्या बायकांचे तोंडून ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे फार घातले नाही. शके सोळाशे एकूणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमीस एका राज्यात (राज्याचे नाव लिहू नये ऐसी आज्ञा आहे) महाराजांनी सदर भरविली, आणि एकुलती कन्या दर्याऊ, वय वर्षे सात, तिची परीक्षा मांडिली. महाराज रणांत कोणास भ्याले नाहीत, परंतु चाकरमाणसांची आणि पोरासोरांची बोली कानी पडून लेकीची बुद्धी मळेल, यास फार भीत. सबब ती तीन वर्षांची होताच हुकूम जाहला होता, की नरहरशास्त्रींखेरीज तिजशी कोणी बोलू नये, आणि आईसाहेबांनी दिवसांत घटकाभर मांडीवर घ्यावे, परंतु तोंड उघडू नये. आणि शास्त्रीबुवांनी पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, सगळे अपुऱ्या आकड्यांचे पाढे पाठ करविले, आणि लेक घडाघडा म्हणू लागली, आणि महाराज संतोष पावले.

मग सदरेत कारभारी खंडो विठ्ठल यांनी पुसिले, "बाईसाहेब, पाच जणी जेवावयास बसल्या, दर एकीस अडीच भाकरी, तर भाकरी किती थापाव्या?" लेकीने अडीच एके अडीचपासून पंचवीसपर्यंत पाढा म्हटला, आणि थांबली. "बरे, मग भाकरी किती?" लेक विचारात पडली आणि बोलली, "भाकरी कोणत्या पाढ्यात येते?" सदर हसली. महाराज हसले नाहीत. लागलीच फर्मान सुटले, की चैत्री पाडव्यास पुन्हा परीक्षा. तेव्हाही न आल्यास लेक मंदबुद्धी ठरवून डोंगरी किल्ल्यावर धाडावी, आणि आईसाहेबांनी बरोबर जाऊ नये.

आईसाहेब त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसरे दिवशी शास्त्रीबुवा सायंसंध्येस बसताच लेकीचा हात धरून वाड्यामागे साळ्यांचे अंगणी गेल्या. तेथे गोजरा साळीण लुगड्याचे उभे सूत खुंट्यांवर ताणीत होती. त्या लोकांची रीत ऐसी, की नवखे पोर एकटे कधी मोजीत नाही; जाणत्या पोराचे बोटात बोट अडकवून सुताकडेने चालावे, एक आकडा याने म्हणावा, एक त्याने, आणि चुकल्यास दोघांनी मिळून पहिल्यापासून. गोजरेने आपली नऊ वर्षांची येसू जोडीस दिली. येसू कसली ऐकते! "अगं बाईसाहेब, बारा मघाशीच झाले की! झोपलीस का चालता चालता? चल मागं." गोजरा दटावी, "सांगू नको गं तिला. विचार." आणि दर्याऊ पहिल्याने बुजली, मग रडली, मग एके दिवशी उलटून बोलली, "तूच चुकलीस, टवळे!" हा शब्द ऐकून आईसाहेबांचे डोळे भरून आले. ऐसे सहा महिने रोज चालिले, सुतांमागून भाकरीही तैशाच वाटून मोजिल्या, आणि ज्यांनी पाहिले त्यांनी महाराजांस कळविले नाही.

चैत्र शुद्ध प्रतिपदेस सदर भरली. कारभाऱ्यांनी पुसिले, "सात जणी, दर एकीस दीड भाकरी. किती थापाव्या?" लेकीचे ओठ हलले, शब्द निघेना. मग हळूच बोलली, "मला येते, पण येसूसंगे येते." महाराज गरजले, "संगे येते ते येणे नव्हे!" तेव्हा आईसाहेब चिकाच्या पडद्याआडून बोलल्या, "महाराज प्रथम घोड्यावर बसले, तेव्हा लगाम कोणाचे हाती होता?" महाराजांनी येसू कोण ते पुसून घेतले. मग खुणेने येसूस आणविले. येसू मुजरा विसरली आणि म्हणाली, "सात जणी ना? दोघी दोघी बसव की." दर्याऊ बोटांवर मोजू लागली. "दोघींस तीन. तीन जोड्यांस नऊ. एक उरली, तिला दीड. साडेदहा!" "आणि अर्धी भाकर थापतात का गं?" येसूने टोकिले. दर्याऊ बोलली, "नाही. अकरा थापू. अर्धी उरेल ती आईसाहेबांस." शास्त्रीबुवा उठून बोलिले, "अशुद्ध! दीडकीप्रमाणे साडेदहा." कारभारी म्हणाले, "बुवा, अर्धी भाकरी थापून दाखवा, मग बोलू."

परंतु महाराजांचे समाधान होईना. येसूस बाहेर नेविले, आणि नवा सवाल घातला, नऊ जणी, दर एकीस अडीच. लेक एकटी उभी राहिली. तिने डोळे मिटले आणि पुटपुटू लागली. जवळच्यांनी ऐकिले, की एका तोंडी दोन आवाज होते, एक येसूचा, टोचून विचारणारा, "उरली तिचं काय गं?" आणि एक तिचा, उत्तर देणारा. मग डोळे उघडून बोलली, "तेवीस."

महाराजांनी किल्ल्याचे फर्मान मागवून स्वहस्ते फाडिले, आणि न बोलण्याचा हुकूमही त्याबरोबर. नरहरशास्त्री मान खाली घालून म्हणाले, "आम्हीही ऐसेच शिकलो, महाराज. आमच्याशीही कोणी बोलले नव्हते." आणि आईसाहेबांनी पडदा सारून सदरेत येऊन लेकीस मांडीवर घेतले, आणि चार वर्षांचे साठलेले एकदम काय बोलावे ते न कळून इतकेच पुसिले, "दमलीस का गं?" लेक म्हणाली, "हो."

तात्पर्य, लेक आईपाशी राहिली, आणि त्या राज्यात मुलांशी बोलावयास मुभा जाहली. एवढी हकीकत पुरी जाहली. वाचणाराने चूकभूल पोटात घालावी.